भोंग्याचा हळू आवाज

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठीमागे म्हटलेलंही तिला ऐकू जातं आणि मनातून ती खूश होते, हे मी तिची सख्खी बहीण म्हणून सांगते. ती पोहण्याच्या तलावावर शिकवते. मी त्याच तलावाच्या तिकीट खिडकीत बसते. आमच्यामध्ये एक काच, एक फिरतं लोखंडी फाटक आणि अख्खी उथळ बाजू आहे. तरी खोल बाजूच्या टोकाला उभी राहून ती कुणाला काय बोलली, हे मी खुर्चीतून न उठता सांगू शकते. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. आमची ताई खोल पाण्यातही तेवढीच खळखळते.

भाऊजी ग्रंथालयात कामाला आहेत. त्यांनी एकदा ‘कृपया शांतता राखा’ अशी जुनी पाटी घरी आणून स्वयंपाकघराच्या दारावर लावली. ताईने ती वाचली, मोठ्याने. शेजारच्यांनी विचारलं, काय झालं म्हणून. त्यानंतर भाऊजींनी पाटी काढली आणि ओट्यावर उलटी घालून तिच्यावर पोळपाट ठेवायची जागा केली.

तिच्या गळ्यात शिट्टी असते, पण ती वाजवलेली मी पाहिलेली नाही. शिट्टी वाजवायची म्हणजे आपला आवाज कमी पडला अशी कबुली द्यायची, असं तिचं मत. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कायम ओल्या केसांची बाई. तिला बघून कुणाला वाटणार नाही, पण ती या तलावावर कपडे बदलायच्या खोल्या धुवायला म्हणून लागली होती. दुपारी तलाव बंद असायचा तेव्हा हातात खराटा घेऊन पाण्याकडे बघत उभी राहायची. तेव्हाचे शिकवणारे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे, एक दिवस म्हणाले, “बघून पोहता येत नाही. उतर.” ती उतरली आणि सरळ तळाला गेली. वस्तादांनी वर ओढून काढलं आणि ओरडले, “दगड!”

वस्तादांची ही रीत होती, आणि आता ती ताईची आहे. पाण्यात उतरून जो बुडतो तो दगड. अंग सोडून तरंगायला लागला की ओंडका. पाय मारत पुढे सरकायला लागला की बेडूक. न थांबता तलावाची एक लांबी पार केली की मासोळी. बढती कुणाला फुकट मिळत नाही. एका बँकेचे मोठे साहेब कितीतरी दिवस दगड होते, आणि ज्या दिवशी ओंडका झाले त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. पण या शिडीची पहिली पायरी नीट लक्षात ठेवा. काठावर बसून राहणाऱ्याला काहीच नाव नसतं. दगड व्हायलासुद्धा आधी पाण्यात उतरावं लागतं. ताई स्वतः वर्षभर दगड होती, आणि ते ती एखादी पदवी सांगावी तसं सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या वसतिगृहात मुलांचं शिबिर भरलं. भाजून बरी झालेली मुलं. काहींना बरीच वर्षं झालेली, काहींच्या अंगावर अजून ते घट्ट दाबाचे कपडे, व्रण वाढू नयेत म्हणून घालायचे असतात ते. चित्रं, नाटक, टेकडीवर चढणं, आणि दुपारी पोहणं. शिबिराच्या बाई रुग्णालयात व्यायाम करून घेण्याचं काम करतात, आखडलेले हातपाय मोकळे करण्याचं. त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, मुलांना ऊन चालत नाही, तुमच्या तलावावर छप्पर आहे ते बरं, पण गर्दीची धक्काबुक्कीही सुरुवातीला नको, तेव्हा तलाव बंद असतो ती दुपारची वेळ द्या. आम्ही दिली. जाताना त्या ताईला म्हणाल्या, “जरा सांभाळून घ्या हं. नवी कातडी फार नाजूक असते.”

एवढंच म्हणाल्या. बाकीचा सगळा घोळ आम्हा दोघी बहिणींचा.

ताई घरी गेली ती आवाज हळू करायचा सराव करायला लागली. आरशासमोर उभी राहून “बाळा, ये हं”, “बाळा, छान हं.” भाऊजींनी कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मी तर तिच्याही वरताण. मुलं यायची त्या वेळी ऊन पोळतंय म्हणायला मी घाबरायचे. चहावाला किटली घेऊन आला की त्याला डोळ्यांनीच खुणावायचे, गरम आहे असं म्हणू नकोस म्हणून. तो बिचारा एकदा मला विचारून गेला, चहात काही पडलं होतं का.

मुलं आली. आम्ही मान खाली घालून रांगेत चालणाऱ्या मुलांची कल्पना केली होती. आली ती धांदरट, भांडकुदळ, चपला कुठेही फेकणारी. काहींच्या चेहऱ्यावर व्रण, एकाचा कान नाही, एकीची बोटं जुळलेली. त्यांना त्याचं काही नव्हतं, ती एकमेकांना पाणी उडवण्यात गर्क. आणि ताई काठावर गुडघे टेकून मधाळ आवाजात म्हणत होती, “किती छान, बाळा! किती छान!” तो बाळ त्या वेळी नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत होता. त्यात छान काय होतं, देव जाणे. असेच काही दिवस गेले. कुणी काही शिकलं नाही. मुलंही कंटाळली.

एक मुलगी पाण्यात उतरतच नव्हती. तेरा वर्षांची असेल. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाकीट. ती माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर बसायची आणि बाकीच्यांच्या आधीच यायची, म्हणजे सकाळच्या शेवटच्या तुकडीचा वर्ग तिला काचेतून दिसायचा. ताई तिथे असायची तिच्या खऱ्या अवतारात. “ए दगडा, पाणी चावत नाही तुला! ए ओंडक्या, झोपायला आलास का? पाय कुणी मारायचे, तुझ्या मामाने?” आणि मग तो वर्ग संपायचा, शिबिराची मुलं आत जायची, आणि तीच बाई मांजरीसारखी बोलायला लागायची.

एके दिवशी मुलीने मला विचारलं, “मॅडमना दोन आवाज आहेत का?”

मी म्हटलं, “नाही गं, एकच आहे. तोच पुरतो.”

“मग त्यांना दगड म्हणतात आणि आम्हाला बाळा का म्हणतात?”

मी काहीतरी पुटपुटले. तुम्हाला त्रास नको, वाईट वाटायला नको, असलं काहीसं.

“म्हणजे आम्ही दगडाच्याही खाली,” ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब करून पाहावा तशी. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग तिचं तिनेच सांगितलं. वर्षभर ती शाळेत गेली नव्हती. वर्गशिक्षिका मैत्रिणींना घेऊन घरी भेटायला आल्या होत्या, तर सगळ्याजणी इतक्या हळू बोलत होत्या, की पलीकडच्या खोलीत कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय असं वाटावं. त्यानंतर तिला कुणी भेटायलाच नको झालं. वडील शाळेची व्हॅन चालवतात. रोज दुसऱ्यांची मुलं शाळेच्या दारात सोडतात आणि घरी येऊन हिला म्हणतात, तू यंदाही घरूनच परीक्षा दे. आई म्हणते, जा. आईवडिलांचं रोज त्यावरून वाजतं. “मी दोघांना सांगितलंय, शिबिर संपलं की सांगते. जायचं की नाही ते.”

“आणि काय सांगणार आहेस?” मी विचारलं.

“ठरवण्यासारखं अजून काही बघितलंच नाही मी,” ती म्हणाली आणि जाकिटाची चेन आणखी वर ओढली.

संध्याकाळी कुलूप लावताना मी ताईला हे सगळं सांगितलं. तिने किल्ली माझ्या हातात कोंबली. मग ती तशीच ओल्या कपड्यांनी वसतिगृहात गेली, मीही मागे. शिबिराच्या बाई रंगांचे डबे आवरत होत्या. ताईने शाळकरी पोरीसारखं विचारलं, “बाई, मी ओरडले तर चालेल का हो?”

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या हसत हसत खालीच बसल्या. “अहो, मी कातडीबद्दल बोलले होते! आवाजाबद्दल कोण बोललं? या मुलांचे रोज व्यायाम घेताना मी काय कमी ओरडते? तरी मला वाटतच होतं, तुमचं एवढं नाव ऐकून आले आणि ही बाई अशी मिळमिळीत कशी!”

मिळमिळीत! ताईला आजवर लोकांनी खूप काही म्हटलंय, पण हे कुणी म्हटलं नव्हतं. परत येताना तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई काठावर उभी राहिली. पाय फाकवले, कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला. मी खिडकीत सावरून बसले.

“ए! बाकावरची! नाटक बघायला आलीस का? पहिल्या रांगेचं तिकीट काढलंयस का? उतर पाण्यात!”

सगळी पोरं जागच्या जागी थिजली. छपरावरची कबुतरं उडाली. मुलगी उठली आणि पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, “माझा डावा हात सरळ होत नाही.”

“मी हात मागितला का? पाय आहेत ना दोन? उतर!”

तिने चेन खाली ओढली. जाकीट काठावर टाकलं. मी पाहिलं, आणि पाहिलं म्हणून सांगते, आडपडदा ठेवत नाही. हनुवटीच्या एका बाजूपासून गळा, खांदा, पुढे मनगटापर्यंत कातडी ताणलेली आणि चकचकीत, कुठे तांबूस, कुठे पांढरट, आणि कोपर मुडपलेलं. मला वाईट वाटलं. मग पुढच्या क्षणाला तिने पाण्यात उडी टाकली, ती अशी वाकडीतिकडी, धप्पकन, की वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. ती तळाला गेली. ताई मागोमाग गेली आणि तिला वर घेऊन आली. मुलगी खोकतेय, नाकातून पाणी येतंय, डोळे लाल.

“दगड!” ताई गरजली. “अस्सल दगड! असला दगड मी माझ्यानंतर पहिल्यांदा बघतेय!”

ती खोकतच हसायला लागली. माझ्या खिडकीकडे वळून तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, दगड, मी दगड, असं. मग बाकीच्या पोरांनी एकच कल्ला केला. “मॅडम, मी? मी कोण? मी पण बुडलो होतो काल!” त्या दुपारी ताईने सगळ्यांना त्यांची त्यांची नावं वाटली. एक कान नसलेला मुलगा आधीच ओंडका निघाला आणि संध्याकाळपर्यंत छाती काढून फिरला.

पुढचं काम मात्र ओरडून होण्यासारखं नव्हतं. मान मागे टाकून उताणं तरंगावं तर गळ्याच्या व्रणाने तिची मान मागे जात नव्हती. एकाच हाताने पाणी मारलं की एका वल्ह्याच्या होडीसारखी गोल फिरायची. ताई आणि बाई दोघी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून वाद घालायच्या. बाई दाखवायच्या, कोपर इथपर्यंत उघडतं, याच्यापुढे जोर नाही करायचा. ताई म्हणायची, मग हिला उताणी टाकायचीच नाही, कुशीवर टाकू. उजवी कूस खाली, डावा हात अंगाशी, मान सरळ. मुलगी दोघींच्या मधे पाणी पीत असायची. वर आली की विचारायची, “आता झाले का मी ओंडका?”

“ओंडके लाकडाच्या वखारीत मिळतात,” ताई सांगायची. “इथे तरंगावं लागतं.”

शिबिर संपायला आलं तरी ती दगडच होती. जवळ आली होती, अगदी जवळ, पण एकदा पाय खाली जायचे, एकदा ती घाबरून डोकं उचलायची. बाईंनाही वाटलं की शेवटच्या दिवशी द्यावं तिला ओंडका हे नाव. ताईने मान डोलावली नाही. आणि मुलीनेही मागितलं नाही. तिने दुसरंच मागितलं. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, “उद्या सकाळच्या तुकडीला येऊ का? सगळे असतात तेव्हा?”

“अगं, गर्दी असते तेव्हा. दुपारी निवांत तरंग की.”

“शाळेत माझ्यासाठी कुणी तलाव रिकामा करून देणार नाहीये,” ती म्हणाली.

बाईंनी तिच्या घरी कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या आधी तिचे वडील माझ्या खिडकीत हजर. सडपातळ माणूस, खिशाला व्हॅनची किल्ली लटकवलेली. काचेच्या भोकाशी तोंड आणून इतकं हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं.

“तुम्ही तिला सांगा ना, आज तलाव बंद आहे.”

माझा पारा चढला. पण त्यांचा चेहरा बघून उतरलाही. ते कुजबुजतच पुढे बोलत राहिले. “माझ्या मागे बसून पोरं एकमेकांना काय काय म्हणतात, मला सगळं ऐकू येतं हो. एक जाडा आहे, त्याला म्हणतात. एक तोतरं बोलतो, त्याला म्हणतात. माझ्या मुलीला काय म्हणतील? मीच ऐकायचं, गाडी चालवत?”

त्यांचं खोटं नव्हतं. पोरं म्हणतातच. पण मी म्हटलं, “दादा, तलाव बंद असला की मी पाटी लावते. खोटी पाटी मी लावत नाही. आणि नावाचं म्हणाल तर इथे तिला रोज दगड म्हणतात.”

“कोण म्हणतं?” हे मात्र मला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

मला सांगावं लागलंच नाही. मुलगी मागच्या दाराने बाईंबरोबर आत पोचली होती, आणि आतून आवाज आला, “ए दगडा! उशीर का? राजवाड्यातून आलीस का?”

वडील फाटक फिरवून तरातरा आत निघाले, भांडायलाच. पाय धुवायच्या हौदापाशी पोचले तोच दुसरी आरोळी. “ओ दादा! चपला काढा! तलाव आहे, बाजार नाही!” माणूस थबकला. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या हौदात घोटाभर पाण्यात उभा राहिला. तिथून पुढे जायचं त्याला सुचलं नाही. मी खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी लावली, आणि खरोखर आत गेले.

तलाव भरलेला होता. मुलीने जाकीट काढलं. लोकांनी बघितलं. नाही बघितलं असं मी कशाला म्हणू? एका बाईने मान वळवली. पाण्यातल्या एका पोराने, तिच्याच वयाचा असेल, सरळ विचारलं, “हे काय झालंय तुला?”

“भाजलंय,” ती म्हणाली. “सरक, मला जागा लागते.”

पोरगा सरकला. ती उतरली, उजव्या कुशीवर वळली, डावा हात अंगाशी घेतला. पाय खाली गेले. वर आली, खोकली. पुन्हा कुशीवर. पुन्हा पाय खाली. वडिलांनी हौदाचा कठडा घट्ट धरला होता. तिसऱ्यांदा तिने श्वास भरला, मान सरळ ठेवली आणि डोकं उचललं नाही. पाय वर राहिले. ताई तिच्या डोक्याशी उभी होती आणि तिने आपले दोन्ही हात पाण्यातून बाहेर काढून सगळ्यांना दिसतील असे वर धरले होते. मुलगी एकटी पाण्यावर होती. भोंगा बंद पडला म्हणून अख्खा तलाव वळून बघायला लागला, आणि या वेळी सगळे त्या मुलीलाच बघत होते.

“ओंडका!” ताई ओरडली. काय ओरडली! माझ्या खिडकीची काच थरथरली असेल, मी तिथे नव्हते एवढंच. सरकलेला तो पोरगा टाळ्या वाजवायला लागला, तो स्वतः अजून दगड होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही, तलावावर कुणाला कळतंय. वडिलांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, पुन्हा कुजबुजतच, “ओंडक्याच्या पुढे काय असतं?”

“बेडूक,” मी म्हटलं. “पण त्याला वेळ आहे.”

सुट्टी संपली. शाळा उघडली त्या सकाळी मी नुकतं खिडकीचं कुलूप काढत होते आणि ताई बाहेरच्या पायऱ्या धुवत होती. ते काम तिने अजून कुणाला दिलेलं नाही. समोर रस्त्यावर गाड्या अडकल्या होत्या, त्यात एक शाळेची व्हॅन. वडिलांच्या शेजारची पुढची जागा रिकामी. मग मागच्या खिडकीत, पोरांच्या खेचाखेचीत, अर्ध्या बाह्यांचा गणवेश घातलेली ती दिसली.

ताईने खराटा उंचावला. “ए दगडा! रविवारी ये!”

“दगड नाही, ओंडका!” ती आतून किंचाळली.

झालं. पोरांना तेवढं पुरतं. “ओंडका! ओंडका!” सगळी व्हॅन नाचायला लागली. ज्याची तिच्या बापाने वर्षभर धास्ती घेतली होती ते नाव शेवटी पडलंच, आणि ते तिने स्वतः कमावून आणलेलं होतं. ती सगळ्यांत मोठ्याने हसत होती. तिने डावा हात, जेवढा सरळ होतो तेवढा, खिडकीतून बाहेर काढला आणि आमच्याकडे हलवला.

तेव्हा व्हॅनवाला मागे वळला. माझ्या काचेच्या भोकाशी कुजबुजणारा तो माणूस रस्त्याच्या या कडेपर्यंत खणखणीत ऐकू येईल असा ओरडला, “ए ओंडक्या! हात आत घे!”

तिने घेतला. गाड्या सुटल्या, व्हॅन पुढे गेली.

ताईने पायरीवर पाणी ओतलं. “आवाज बरा आहे की त्याचा,” ती म्हणाली आणि पुन्हा खराटा चालवायला लागली.